पैसा आला कुठून?

२१ मे २०२५ च्या संध्याकाळी धुळ्याच्या गुलमोहर शासकीय विश्रामगृहात एक विचित्र पहारा बसला. विधिमंडळाची अंदाज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली होती. समितीतल्या लोकांना देण्यासाठी गोळा केलेली रोकड १०२ क्रमांकाच्या खोलीत ठेवली आहे, असा आरोप करत माजी आमदार अनिल गोटे कार्यकर्त्यांसह त्या खोलीच्या दाराशी ठाण मांडून बसले. खोली समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांच्या स्वीय सहायकाच्या नावावर होती. तासामागून तास गेले. रात्री उशिरा अधिकारी आले, दार उघडलं गेलं, नोटा मोजायला यंत्रं आणली गेली. मोजदाद थांबली तेव्हा आकडा १ कोटी ८४ लाखांच्या वर गेला होता. खोतकरांनी या पैशाशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं, स्वीय सहायक निलंबित झाला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली.

खानदेशात बांधावरच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिथे एवढ्या मोठ्या रकमेवर ‘ही माझी’ म्हणणारं त्या रात्री कोणी पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून धुळ्यात, जळगावात, चहाच्या टपरीवर आणि बार रूममध्ये एकच चर्चा होती, आणि अहिराणीत ती तीन-चार शब्दांत संपत होती: इतला पैसा कथाइन उना?

बेवारस मालाचं काय करायचं, हे कायद्याने फार पूर्वी ठरवून ठेवलेलं आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या मालाचा मालक माहीत नसेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि दावेदारांना सहा महिन्यांची मुदत देतात. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, आणि ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याला तो कायदेशीर मार्गाने मिळवल्याचं दाखवता आलं नाही, तर माल सरकारजमा. ही तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ आणि ५०४ कलमांत आहे; त्याआधी १९७३ च्या संहितेत होती आणि त्याच्याही आधी १८९८ च्या. ‘कायदेशीर मार्गाने मिळवल्याचं दाखवता आलं नाही तर’ हे शब्द म्हणजे पुराव्याचा बोजा ताबेदाराच्या खांद्यावर टाकणं. संशयिताने आपल्या संपत्तीचा उगम सिद्ध करावा, या मागणीवर आज जगभर वाद झडतात. आपल्याकडे ती सव्वाशे वर्षं कायद्याच्या पुस्तकात आहे. मात्र ती कोणापुढे ठेवली जाते आणि कोणापुढे ठेवायला पंधरा-वीस वर्षं लागतात, यात खानदेशातल्या गेल्या पस्तीस वर्षांची बरीच कहाणी दडलेली आहे.

गस्तीवरचा प्रश्न

मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा चोपडा, शिरपूरकडच्या आडरस्त्यांवर रात्रीची गस्त असते. मोटारसायकल ढकलत नेणारा पोरगा थांबवला जातो. कागद नाहीत. गाडी कोणाची, नीट सांगता येत नाही. किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर तांब्याच्या तारेची वेटोळी सापडतात. शेतातल्या वीजपंपांच्या केबल चोरीला जाण्याने तापी-गिरणेकाठचा शेतकरी आधीच बेजार असतो, त्यामुळे संशयाला जागा असते. पण चोरीची फिर्याद अजून आलेली नसते, मालक सापडलेला नसतो. अशा वेळी ठाणे अंमलदार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं १२४ वं कलम लावतो.

हे कलम साधं आहे. चोरीचा किंवा फसवून मिळवलेला असावा असं मानण्यास कारण आहे, असा माल ज्याच्याकडे सापडला, त्याने दंडाधिकाऱ्याचं समाधान होईल असा खुलासा द्यायचा. नाही दिला तर शिक्षा. मूळ चोरी सिद्ध करण्याची गरज नाही. माल कोणाचा, कधी गेला, कोणी नेला, यातलं काही माहीत नसलं तरी चालतं. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात हे कलम वर्षभर डोकावत असतं: ‘संशयास्पदरीत्या फिरताना आढळला, समाधानकारक उत्तर देता आलं नाही.’

त्या पोराच्या बाजूने घटनेचं एकविसावं कलम मांडायला सहसा कोणी उभं राहत नाही. निरपराधत्वाच्या गृहीतकावर परिसंवाद होत नाहीत. बऱ्याचदा तो गुन्हा कबूल करून दंड भरतो, कारण तारखा करणं त्याला परवडत नाही. हातगाडीवरच्या मालासाठी हा नियम चालतो. मग बंगला, प्लॉट, फार्महाऊस आणि बेनामी बागाईत यांच्यासाठी तो का अवघड होतो?

हिशेबाची तऱ्हा

अवघड होतो, पण कायदा नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी पुरवठ्याच्या कंत्राटांत जो पैसा फिरला, त्यानंतर १९४७ मध्ये पहिला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. त्यातच एक नियम होता: सरकारी नोकराकडे त्याच्या ज्ञात उत्पन्नाशी विसंगत संपत्ती असेल आणि त्याला तिचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर न्यायालय त्याला दोषी गृहीत धरेल. भ्रष्टाचार प्रतिबंधावरच्या संथानम समितीच्या शिफारशींनंतर १९६४ मध्ये अशी संपत्ती बाळगणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला. १९८८ च्या कायद्यात तो कायम राहिला. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची माणसं त्याला ‘अपसंपदा’ म्हणतात.

अपसंपदेचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीइतका सरळ असतो. आधी एक कालावधी ठरवायचा, समजा दहा वर्षं. सुरुवातीला नोकराकडे ५ लाखांची मालमत्ता होती. दहा वर्षांत सगळ्या ज्ञात मार्गांनी ६० लाख आले. घरखर्च, मुलांची शिक्षणं, लग्नकार्य यांत ४० लाख गेले. म्हणजे शेवटी त्याच्याकडे २५ लाखांची मालमत्ता असायला हवी. प्रत्यक्षात निघाली १ कोटी १० लाखांची. मग ८५ लाख कुठून आले, हे त्याने सांगायचं. १९७६ च्या अखेरीस निकाल लागलेल्या कृष्णानंद अग्निहोत्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जास्तीची मालमत्ता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत होती म्हणून आरोपीला सोडलं आणि तेव्हापासून एवढी फट सोडण्याची रीत पडली.

इथे बोजा पूर्ण उलटत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. पहिला भार सरकार पक्षावरच असतो. मालमत्ता किती, ती आरोपीचीच कशी, उत्पन्न किती, हे सरकारने सिद्ध करायचं. तेवढं झालं की मगच आरोपीची पाळी. त्यालाही ‘निःसंशय’ सिद्ध करावं लागत नाही. खुलासा पटण्याजोगा आणि कागदाने जुळणारा असला की पुरतो. ज्याच्या घरातली गोष्ट, त्यालाच ती सांगता येते, हा यामागचा व्यवहारी विचार आहे.

आणि खुलाशांच्या बाबतीत खानदेश समृद्ध आहे. पहिला खुलासा शेतीचा. शेती उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे काळा पैसा पांढरा करण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ‘बागेचे आले’ एवढं सांगितलं की पूर्वी भागायचं. पण केळीच्या बागेचा हिशेब लपवणं वाटतं तितकं सोपं नाही. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी सुमारे साडेचार हजार खोडं बसतात. त्याहून जास्त घड एका पिकात अशा बागेतून निघत नाहीत. केळीचा भाव रावेर आणि बऱ्हाणपूरच्या बाजारातून रोज जाहीर होतो. विहीर किंवा बोअर, वीजजोडणी, ठिबकचं बिल, टिश्यूकल्चर रोपांची पावती, व्यापाऱ्याची पट्टी, बँकेचं पीककर्ज: केळी घेणाऱ्या माणसामागे कागदांचा मोठा माग असतो. सातबाऱ्यावर पीकपाहणीचा रकाना आहे आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. कोरडवाहू गटावर कोटीची केळी दाखवणाऱ्याला उघडं पाडायला फॉरेन्सिक ऑडिटरची गरज नाही, जागा ठाऊक असलेला तलाठी पुरेसा आहे.

दुसरा खुलासा सोन्याचा. जळगाव ही सुवर्णनगरी, इथल्या सराफ बाजाराची ख्याती लांबवर. झडतीत सोनं सापडलं की ते आजीचं असतं, सासूबाईंचं असतं, लग्नात आलेलं असतं. यातलं बरंचसं खरंही असतं. म्हणूनच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजी आयकर अधिकाऱ्यांना सूचना दिली: विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करू नयेत. आजीच्या पाटल्यांना सरकारने दिलेली ही सूट आहे. तिच्यापुढे मात्र बिलं, मृत्युपत्र किंवा जुनं विवरणपत्र दाखवावं लागतं.

तिसरा खुलासा हातउसन्यांचा, आणि तो सर्वांत लवचीक. मामाने दिले, मित्राने दिले, कुठल्याशा कंपनीने विनातारण दिले. इथे प्रश्न एक पायरी मागे जातो: मामाकडे कुठून आले?

इतकी सोय असूनही लाचलुचपत विभागाच्या कामाचा मोठा भाग सापळ्यांचाच असतो. तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी, हवालदार पाचशे-पाच हजारांची लाच घेताना पकडले जातात. सापळे दरवर्षी शेकड्यांनी होतात. अपसंपदेचे गुन्हे त्यांच्या तुलनेत अगदी थोडे. सापळा एका दिवसात लागतो, अपसंपदेच्या उघड चौकशीला वर्षं लागतात. शिवाय ती वरच्या माणसापर्यंत जाते, आणि वरच्या माणसावर हात टाकायला मंजुरी लागते.

दोन गावं, एक खटला

उत्पन्न आणि राहणीमान यांतली दरी गावाला दिसत असूनही कोणी विचारत नाही, याचा धडा धुळ्याला १९९० च्या सुमारास मिळाला. धुळे जिल्हा परिषदेतला भास्कर वाघ हा खालच्या पायरीवरचा कर्मचारी, आणि त्याने सरकारी तिजोरीतून केलेला अपहार कोट्यवधींचा. त्याच्या ऐषारामाच्या गोष्टी खानदेशात आजही सांगितल्या जातात. खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. पण कारकुनाच्या पगारात हा थाट कसा बसतो, हे त्याच्या वरिष्ठांपैकी कोणीतरी पहिल्याच वर्षी विचारलं असतं, तर हिशेब काही लाखांवर थांबला असता.

जळगावच्या घरकुल प्रकरणाने याच्या पुढचा धडा दिला. जळगाव नगरपालिका असताना झोपडपट्टीवासीयांसाठी मोठी घरकुल योजना आखली गेली. शहराच्या कडेने अकरा हजारांच्या आसपास घरं उभी राहायची होती. त्यासाठी हुडको या सरकारी वित्तसंस्थेचं कर्ज काढलं. काम खान्देश बिल्डर्सला मिळालं, आगाऊ रकमा दिल्या गेल्या, आणि घरं मात्र थोडीच पूर्ण झाली. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. ३ फेब्रुवारी २००६ रोजी तेव्हाचे आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री आणि जळगावचे अनेक वर्षांचे आमदार सुरेश जैन यांना अटक व्हायला मार्च २०१२ उजाडला. खटला जळगावातून धुळ्याच्या विशेष न्यायालयात नेण्यात आला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायाधीश सृष्टी नीळकंठ यांनी ४८ जणांना दोषी ठरवलं: जैन यांना ७ वर्षं कैद आणि १०० कोटी रुपये दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षं कैद. अपहार सुमारे २९ कोटींचा होता. शिक्षेविरुद्ध अपिलं उच्च न्यायालयात गेली. जैन यांना आधी वैद्यकीय कारणासाठी आणि २०२२ मध्ये नियमित जामीन मिळाला.

फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं. या काळात सरकार पक्षाने एकेक ठराव, एकेक धनादेश, एकेक सही सिद्ध केली. फौजदारी न्यायाची ही मान्य रीत आहे, आणि तुरुंगात पाठवायचं असेल तर तीच असायला हवी. पण त्या साडेतेरा वर्षांत जळगावकरांच्या वाट्याला काय आलं? हुडकोचं थकलेलं कर्ज वर्षानुवर्षे महापालिकेच्या मानगुटीवर बसलं, एका टप्प्यावर पालिकेची बँक खातीही गोठली. रस्ते, गटारी, पगार यांवर त्याची झळ पोचली. ज्या गरिबांच्या नावाने कर्ज काढलं त्यांना घर मिळालं नाही आणि बाकीच्या शहराला कर्ज मात्र मिळालं.

दोषी कोण, याचा शोध आणि पैसा कुठे गेला, याचा शोध ही दोन वेगळी कामं आहेत. घरकुल खटल्याने पहिलं काम नेटाने केलं. दुसरं पहिल्यामागे रांगेत उभं राहिलं, आणि रांग फार लांब होती. शंभर कोटींच्या दंडाने हेडलाइन झाली. दंड ही शिक्षा असते, वसुली नसते.

पावत्यांचा बाजार

पैशाचा मागही काढला आणि मालमत्ताही जप्त केली, तरी काय होतं? याचं उत्तरही जळगावातच आहे. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी, लोकांच्या तोंडी ‘बीएचआर’, हिचं मुख्यालय जळगावात होतं आणि शाखा अनेक जिल्ह्यांत पसरल्या होत्या. निवृत्त शिक्षक, एसटीचे वाहक, मुलीच्या लग्नासाठी कापसाचे पैसे बाजूला ठेवणारे शेतकरी असे हजारो ठेवीदार. ठेवी परत मिळेनात, तक्रारी झाल्या, २०१५ च्या सुरुवातीला अध्यक्ष प्रमोद रायसोनी यांच्यासह संचालकांना अटक झाली. केंद्रीय निबंधकांनी जितेंद्र कंडारे यांना अवसायक नेमलं.

अशा प्रकरणांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे, बोलीभाषेत ‘एमपीआयडी’. तो जप्तीच्या बाबतीत कडक आहे. सरकारने मालमत्ता जप्त केली की ती कायम का करू नये, हे सांगण्याची पाळी समोरच्यावर येते. आपल्या नावावरची मालमत्ता पुतण्याच्या, मेव्हण्याच्या नावावर करून ठेवली असेल तर तिथपर्यंतही हात पोचतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या प्रकरणात या कायद्याचा व्यापक अर्थ लावून जप्ती योग्य ठरवली.

बीएचआरमध्ये गाडी अडली ती यानंतर. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. आरोप असा की ठेवीदारांच्या पावत्या दलालांमार्फत पडत्या भावाने विकत घेतल्या गेल्या, त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या गेल्या आणि संस्थेच्या मालमत्ता स्वस्तात विकल्या गेल्या. कंडारे यांना २०२१ मध्ये इंदूरमधून अटक झाली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. पण थकलेल्या म्हाताऱ्या ठेवीदाराला लाखाची पावती वीस-तीस हजारांत द्यावीशी का वाटली असेल, हे समजायला निकालाची वाट बघावी लागत नाही. जप्त मालमत्तेवर वर्षानुवर्षे टाच राहिली आणि वाटप झालंच नाही, तर पावतीचा काळा बाजार आपोआप उभा राहतो.

धार कोणाकडे?

आता दुसरी बाजू. उगम सिद्ध करण्याची सक्ती हे दुधारी हत्यार आहे, आणि त्याची मूठ सरकारच्या हातात असते.

मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे जून २०१६ मध्ये महसूलमंत्रिपदावरून पायउतार झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या भोसरीत तीन एकर जमीन त्यांच्या पत्नी आणि जावई यांच्या नावाने ३ कोटी ७५ लाखांना खरेदी झाली होती. ती जमीन एमआयडीसीच्या संपादनातली असल्याचा वाद होता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाचलुचपत विभागाने गुन्हा नोंदवला आणि २०१८ मध्ये गुन्हा घडला नसल्याचा अहवाल दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) त्यांच्या जावयाला अटक केली आणि ऑगस्टमध्ये लोणावळा व जळगावातली ५ कोटी ७३ लाखांची मालमत्ता जप्त केली. खरेदीचा पैसा कंपन्यांकडून कर्जाऊ घेतल्याचा खुलासा होता. त्या कंपन्या केवळ कागदावरच्या आहेत, असं ईडीचं म्हणणं. खडसे यांनी हे सगळं राजकीय सूडबुद्धीने चालल्याचं सांगितलं. व्यवहार तोच आणि दस्तही तोच, तरी एका यंत्रणेला त्यात गुन्हा दिसला नाही आणि दुसरीला दिसला. वाचकाने दोन्हीपैकी कोणावरही विश्वास ठेवावा. मधल्या काळात पक्ष बदलला होता, एवढं मात्र नजरेआड करता येत नाही.

ईडी ज्या कायद्याने चालते, त्या २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचं २४ वं कलम आरोपीवर बोजा टाकतं. जामिनाच्या अटीही इतक्या कडक की खटल्याआधीचा तुरुंगवासच शिक्षा होऊन बसतो. २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण एक अट स्पष्ट केली: मूळ गुन्हा घडला, त्यातून ही मालमत्ता आली आणि आरोपीचा तिच्याशी संबंध आहे, एवढा पाया आधी सरकारने घालायचा. मार्च २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी राज्यसभेत माहिती दिली की दहा वर्षांत राजकीय व्यक्तींवर ईडीने १९३ प्रकरणं नोंदवली आणि त्यांतल्या दोनमध्ये दोषसिद्धी झाली. हे आकडे बघितल्यावर ‘तुमचा पैसा कुठून आला’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारला जातो की दुसऱ्याच कशासाठी, अशी शंका आली तर तिला दोष देता येणार नाही.

महाराष्ट्राच्या मकोका कायद्यातही अशी धार आहे. १९९९ च्या या कायद्याचं चौथं कलम टोळीच्या वतीने बेहिशेबी मालमत्ता सांभाळणाऱ्याला किमान तीन वर्षांची शिक्षा सांगतं. त्याआधी १९७६ मध्ये तस्करांच्या मालमत्तेसाठी ‘साफेमा’ आला. आणीबाणीतला कायदा, तरीही १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो उचलून धरला. दाऊद इब्राहिमच्या आई-बहिणीला नागपाड्यातल्या मालमत्तांचा उगम दाखवता आला नाही, म्हणून २०१८ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या त्याच्या घराण्याच्या जमिनींचा लिलाव झाला. पंधरा हजारांच्या आसपास राखीव किंमत असलेला एक तुकडा दोन कोटींना गेला. नागपाड्याच्या जप्तीची नोटीस निघाली होती १९८० च्या दशकात.

इतरांनी काय केलं

इटलीत खासदार पिओ ला तोरे यांनी माफियांच्या मालमत्ता जप्त करण्याचा कायदा मांडला. ३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मोत त्यांचा खून झाला, सप्टेंबरमध्ये जनरल दाल्ला किएझा मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांत संसदेने कायदा मंजूर केला. १९९६ मध्ये लाखो नागरिकांच्या सह्यांनंतर दुसरा कायदा आला: जप्त घरं आणि शेतं समाजाच्या कामासाठी वापरायची. सिसिलीत माफियांच्या जमिनींवर आज सहकारी संस्था द्राक्षं आणि गहू पिकवतात. आयर्लंडमध्ये २६ जून १९९६ रोजी गुन्हेगारीचं वार्तांकन करणाऱ्या व्हेरोनिका गेरिन यांची हत्या झाली. त्याच वर्षी तिथे पोलीस, आयकर आणि समाजकल्याण खात्याची माणसं एका छताखाली आणणारा विभाग उभा राहिला. हा विभाग माणसाला तुरुंगात घालण्याच्या मागे लागत नाही, त्याच्या घराच्या मागे लागतो.

ब्रिटनने २०१८ पासून बेहिशेबी संपत्तीचा उगम विचारणारे आदेश आणले. हॅरॉड्स या दुकानात दहा वर्षांत एक कोटी साठ लाख पौंड उडवणाऱ्या अझरबैजानी बँकरच्या पत्नीवर पहिला आदेश निघाला. २०२० मध्ये मात्र कझाकस्तानच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या वजनदार कुटुंबाने निष्णात वकील उभे करून आदेश उधळून लावला आणि सरकारी यंत्रणेलाच मोठा खर्च सोसावा लागला. कायदा कितीही चांगला असो, समोरच्याचा वकील तपासयंत्रणेपेक्षा महाग असला की काय होतं, ते लंडननेही पाहिलं.

जवळचं उदाहरण बिहारचं. २००९ च्या विशेष न्यायालय कायद्याखाली एका आयएएस अधिकाऱ्याचा पाटण्यातला बंगला जप्त झाला आणि २०११ मध्ये तिथे सरकारी शाळा भरली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार आणि ओडिशाचे हे कायदे वैध ठरवले. खटला संपेपर्यंत मालमत्ता सरकारकडे, आरोपी सुटला तर ती परत: असा त्याचा साचा आहे.

मालमत्तेला जाब, माणसाला पुरावा

या सगळ्यातून माझ्या मते एक रेघ स्पष्ट दिसते. माणसाला तुरुंगात टाकायचं असेल तर पुराव्याचा बोजा शेवटपर्यंत सरकारनेच वाहावा. त्यात सूट नको. आज विरोधकासाठी ढिली केलेली दोरी उद्या कोणाच्या गळ्यात पडेल, सांगता येत नाही. पण मालमत्तेचा प्रश्न वेगळा. गुन्ह्याशी तिचा संबंध असल्याचा पाया सरकारने घातला, की उगम दाखवण्याची जबाबदारी ताबेदाराची असावी आणि ते प्रकरण फौजदारी खटल्याच्या रांगेत न अडकता वेगळं, लवकर निकाली निघावं. निरपराध माणसाच्या बागेची पट्टी आणि आजीच्या पाटल्यांची पावती त्याला वाचवायला पुरेशी असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०७ वं कलम याच दिशेने जातं. पोलीस अधीक्षकांच्या मान्यतेने तपास अधिकारी न्यायालयाकडे जाऊ शकतो, ताबेदाराला खुलाशासाठी चौदा दिवस मिळतात आणि मालमत्ता गुन्ह्यातली ठरली तर जिल्हाधिकाऱ्याने साठ दिवसांत ती पीडितांत वाटायची. बीएचआरच्या ठेवीदाराला हे साठ दिवस वाचून हसू आलं तर नवल नाही. तरी कलम आहे, आणि वाटपाची मुदत लिहिलेली आहे. चौदा दिवस मात्र फार तोकडे. दहा-वीस वर्षांचे कागद जमवायला शेतकऱ्याला तलाठी कार्यालयात तेवढे दिवस नुसते हेलपाटे घालावे लागतात. घाईघाईची जप्ती आणि वर्षानुवर्षांची ताटकळ, या दोन्ही टोकांचा फायदा बलदंडालाच होतो.

या कलमाचा वापर कोणावर होतो, याची यादी जिल्हावार दरवर्षी जाहीर व्हायला हवी: किती अर्ज, कोणत्या गुन्ह्यांत, किती मालमत्ता, किती वाटप. मग १२४ कलमाखाली हातगाडीवाल्यांची संख्या किती आणि १०७ खाली बंगलेवाल्यांची किती, हे जळगाव आणि धुळ्याच्या लोकांना शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय तर हाताशीच आहे. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकप्रहरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आमदारकी-खासदारकीच्या उमेदवाराने स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या संपत्तीबरोबर उत्पन्नाचा उगमही जाहीर करावा. नमुना २६ च्या शपथपत्रात आता तसा रकाना आहे आणि ते संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येतं. बहुतेक ठिकाणी त्या रकान्यात ‘शेती व व्यवसाय’ एवढेच शब्द असतात. गट नंबर कोणता, खोडं किती, पट्टी कुठल्या व्यापाऱ्याची, हे विचारायला पोलीस लागत नाहीत, ईडी लागत नाही आणि कोणावर पुराव्याचा बोजाही टाकावा लागत नाही. मत मागायला दारात आलेल्या माणसाला ते विचारायचा हक्क मतदाराला आहे. त्याने तो वापरला नाही, तर पाच वर्षांनी त्याच रकान्यात तेच शब्द असतील आणि वरच्या आकड्याला मात्र दोन शून्यं जास्त लागलेली असतील.